विनोदकुमार शुक्ल आणि ‘काहीच न घडण्याचा’ आरोप

सप्टेंबर २०२५ मध्ये रायपूरच्या एका साहित्य उत्सवात विनोदकुमार शुक्ल यांच्या हाती त्यांच्या प्रकाशकाने ३० लाख रुपयांचा धनादेश ठेवला. एवढी रॉयल्टी, तीही अवघ्या सहा महिन्यांची आणि प्रामुख्याने १९९७ साली पहिल्यांदा छापलेल्या एका कादंबरीची. हिंदी लेखकाला असा आकडा ऐकायचीही सवय नव्हती. आयुष्यभर गाजावाजापासून दूर राहिलेल्या ८८ वर्षांच्या लेखकाचं कौतुक होऊन विषय संपायला हवा होता. तसं झालं नाही. हा खप वाचकांचा की समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींचा, यावरून वाद पेटला आणि शुक्ल यांच्यावरचे जुने आक्षेप पुन्हा बाहेर आले.

आक्षेप ओळखीचे आहेत. या कादंबऱ्यांत काही घडत नाही. त्या गरिबी गोड करून दाखवतात. छत्तीसगडसारख्या होरपळणाऱ्या प्रदेशात राहून हा लेखक राजकारणावर गप्प बसतो. त्याची भाषा साधेपणाचा आव आणते, पण ती घडवून आणलेली आहे. आणि आता त्यात भर: तरुण मुलं त्याला वाचत नाहीत, त्याची वाक्यं छायाचित्रांवर चिकटवतात.

२३ डिसेंबर २०२५ रोजी शुक्ल रायपूरमध्येच गेले. त्याच वर्षी त्यांना २०२४ चं ज्ञानपीठ जाहीर झालं होतं. हा सन्मान मिळालेले ते बारावे हिंदी लेखक आणि छत्तीसगडचे पहिले. मृत्यूनंतर श्रद्धांजलीच्या लेखांचा पूर आला. त्यांत शुक्ल यांना निरागस, निष्पाप, ऋषितुल्य ठरवण्याची चढाओढ लागली. ते वाचताना एक गोष्ट लक्षात येते. आक्षेप घेणारे आणि आरती ओवाळणारे मुळात एकच मानतात. शुक्ल मऊ आहेत, हे दोघांनाही मान्य आहे. एकाला तो दोष वाटतो, दुसऱ्याला गुण.

दोघांनीही कादंबऱ्या नीट वाचलेल्या नाहीत. शुक्ल हे मऊ लेखक नाहीत. माणूस माणसाला कसा वाकवतो, याचं इतकं बारीक आणि निर्दय निरीक्षण भारतीय कादंबरीत फार थोड्या ठिकाणी सापडतं. ते आरडाओरडा करत नाहीत याचं कारण त्यांचा विषय. ज्या दडपशाहीबद्दल ते लिहितात ती स्वतःच आवाज न करता चालते.

पहिल्या कादंबरीपासून सुरुवात करावी. ‘नौकर की कमीज’ १९७९ ची. संतूबाबू हा एका सरकारी कचेरीतला कारकून. पगार तुटपुंजा, घर भाड्याचं, पावसात छप्पर गळतं. त्याच्या साहेबांनी आदर्श नोकराच्या मापाचा एक सदरा शिवून घेतलेला आहे. ज्याच्या अंगात तो नेमका बसेल तोच नोकर म्हणून लायक. आधीचा नोकर टिकला नाही, सदरा मात्र राहिला. आणि हा सदरा कुणाला बसतो? संतूबाबूला. तो नोकर नाही, शिकलेला माणूस आहे, कचेरीत त्याची खुर्ची आहे. तरी त्याच्या अंगावर तो सदरा चढवला जातो आणि तो तंतोतंत बसतो.

‘काही घडत नाही’ म्हणणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. एका माणसाचा सामाजिक दर्जा एका सदऱ्याने बदलला. कुणी त्याला मारलं नाही, कामावरून काढलं नाही, शिवी दिली नाही. साहेबांच्या बंगल्यावर चार कामं करायला जाणं हा जणू कचेरीच्या कामाचाच भाग होता. आज गेलं, उद्या गेलं, परवा कुणी सांगावंही लागलं नाही. कचेरीतल्या वरिष्ठ बाबूंनाही त्यात वावगं दिसत नाही, कारण तेही आपापल्या जागी असाच कुठला तरी सदरा घालून बसले आहेत.

दुसरीकडे घरात काय चाललं आहे? संतूबाबूचा घरमालक डॉक्टर. डॉक्टरीणबाई संतूबाबूच्या पत्नीला आपुलकीने बोलावतात, थोडी मदत मागतात. स्वयंपाकघरात हात लावण्यापासून सुरू झालेली ही मदत हळूहळू कामवालीचं काम होते. भाडेकरूची बायको नाही म्हणू शकत नाही. तिला कुणी धमकावलेलं नाही. पण छप्पर गळत असताना ते दुरुस्त कोण करणार, हे तिला ठाऊक आहे. नवरा साहेबाच्या बंगल्यावर, बायको डॉक्टरच्या स्वयंपाकघरात. दोघं एकाच वेळी दोन मालकांची नोकर होत जातात आणि संध्याकाळी एकमेकांना भेटतात तेव्हा घर तेवढं त्यांचं उरतं. कादंबरीच्या शेवटी त्या सदऱ्याच्या चिंध्या होतात आणि त्या जाळल्या जातात. ज्यांना या लेखनात बंड दिसत नाही त्यांनी निदान शेवटची पानं तरी वाचावीत.

ही कादंबरी शुक्ल यांनी १९७५-७६ च्या सुमारास, मध्य प्रदेश शासनाच्या मुक्तिबोध फेलोशिपच्या काळात लिहायला घेतली. देशात आणीबाणी होती. कादंबरीत आणीबाणीवर एकही भाषण नाही, आणि ती आणीबाणीचं रूपक आहे असा दावा करण्याचीही गरज नाही. पण आज्ञाधारकपणा माणसाच्या अंगवळणी कसा पडतो, हा प्रश्न त्या वर्षांत एका लेखकाने कारकुनाच्या खुर्चीवरून विचारला, हे विसरून त्याला ‘अराजकीय’ म्हणणं म्हणजे राजकारण फक्त सभेच्या मैदानावरच असतं असं समजणं. मणि कौल यांना मात्र या पुस्तकातली ताकद दिसली. ‘उसकी रोटी’ आणि ‘दुविधा’ करणाऱ्या या दिग्दर्शकाने १९९९ मध्ये ‘नौकर की कमीज’वर चित्रपट केला. नाट्यमय प्रसंगांवर न विसंबता हातांच्या हालचालींतून, वस्तूंतून, थांबण्यातून गोष्ट सांगणाऱ्या दिग्दर्शकाला हीच कादंबरी हवीशी वाटली, हा योगायोग नव्हे.

आता दुसरा आक्षेप, जो ‘दीवार में एक खिड़की रहती थी’वर हमखास घेतला जातो. रघुवर प्रसाद एका छोट्या गावाजवळच्या खासगी महाविद्यालयात गणित शिकवतो. पगार ८०० रुपये. नवी लग्नाची बायको सोनसी, एकच खोली. त्या खोलीला एक खिडकी आहे. तिच्यातून उडी मारून दोघं पलीकडे गेली की नदी, तळी, झाडं, सारवलेल्या वाटा आणि चहा देणारी एक म्हातारी. नोकरीला जायचं तर टेम्पोची वाट पाहत उभं राहायचं, आणि एके दिवशी टेम्पोऐवजी एका साधूचा हत्ती येऊन त्याला महाविद्यालयापर्यंत सोडतो. या पुस्तकाला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि हिंदीत वर्षानुवर्षं एक प्रश्न विचारला गेला: ८०० रुपयांत संसार करणाऱ्या जोडप्याला असं स्वप्नाळू सुख देणं ही गरिबीची थट्टा नाही का?

नाही. ते सुख कशाच्या शेजारी ठेवलं आहे ते पाहायला हवं. कादंबरीतला एकही दिवस पैशाच्या हिशेबाशिवाय जात नाही. खोलीत आई-वडील आले की झोपायचं कुठे, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने सोडवावा लागतो. हत्ती मिळाला म्हणून चैन होत नाही; साधू तो हत्ती रघुवरच्या दारात सोडून निघून जातो आणि त्याला खायला काय घालायचं, याची काळजी त्या ८०० रुपयांवर येऊन पडते. विभागाध्यक्षांचा धाक, प्राचार्यांची परवानगी, वेळेवर पोहोचण्याची धडधड, हे सगळं खिडकीच्या अलीकडे जसंच्या तसं आहे. खिडकीमुळे पगार वाढत नाही आणि शुक्ल तसं कुठेही भासवत नाहीत. दोघं पलीकडे जातात आणि परत येतात. परत येणं कादंबरीत कधीच टळत नाही.

मग खिडकी कशासाठी? या जोडप्याकडे गरिबीखेरीजही काही आहे, एवढंच सांगण्यासाठी. गरीब माणसाने कथेत एक तर सोसायचं किंवा पेटून उठायचं, या दोनच भूमिका त्याला मिळतात. त्याला प्रेमाची सवड असते, त्याला संध्याकाळचा उजेड आवडतो, आपल्या बायकोकडे बघताना तो वेळ विसरतो, हे लिहिलं की ते गोडगोड ठरतं. श्रीमंतांच्या कादंबरीत प्रेम असलं तर त्याला कुणी वर्गीय खुलासा मागत नाही. रघुवर आणि सोनसीला मात्र आपल्या आनंदाचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. शुक्ल ते प्रमाणपत्र मागत नाहीत. हा मोठेपणा आहे, भाबडेपणा नाही.

मराठी वाचकाला हे लगेच पटणार नाही, आणि त्यामागे कारण आहे. छोट्या गावातल्या महाविद्यालयातला प्राध्यापक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भालचंद्र नेमाड्यांचा चांगदेव पाटील उभा राहतो. संस्थाचालकांची मनमानी, जातीचे गट, स्टाफरूममधलं क्षुद्र राजकारण, एका गावातून दुसऱ्या गावात बिऱ्हाड हलवणारा, सगळं उघड्या डोळ्यांनी बघणारा आणि त्यावर जळजळीत बोलणारा माणूस. चांगदेवच्या मालिकेतली ‘झूल’ १९७९ ची, म्हणजे ‘नौकर की कमीज’च्याच वर्षाची. नेमाड्यांनी घडवलेल्या या डोळ्यांनी रघुवर प्रसादकडे पाहिलं की तो भ्याड वाटतो. विभागाध्यक्षांसमोर तो अवघडतो, खुलासे करतो, उलट बोलत नाही.

पण चांगदेव एकटा आहे आणि निघून जाऊ शकतो. नोकरी सोडणं ही त्याची ताकद आहे. रघुवरकडे ती सोय नाही. त्याच्या एका पगारावर दोन घरं आहेत, गावातले वडील आहेत, धाकटा भाऊ आहे. ज्यांना राजीनामा परवडत नाही अशा माणसांची संख्या या देशात कितीतरी मोठी आहे आणि त्यांचा स्वाभिमान कुठे राहतो, हा प्रश्न चांगदेवच्या कादंबऱ्या विचारत नाहीत. शुक्ल तोच विचारतात. दोन्ही लेखक ज्ञानपीठाने गौरवलेले आहेत, दोघांनीही हिंदुस्थानी शिक्षणसंस्थेतला माणूस लिहिला आहे, आणि एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजलं की दुसऱ्यावर अन्याय होतो.

खिडकीवरून आणखी एक शिक्का शुक्ल यांच्यावर मारला जातो: जादूई वास्तववाद, लॅटिन अमेरिकेकडून उसना घेतलेला. मार्केझच्या जगात चमत्कार हा इतिहासाच्या प्रचंड उलथापालथीचा भाग असतो. तिथे युद्धं आहेत, हुकूमशहा आहेत, कत्तली आहेत. रघुवरच्या खिडकीपलीकडे तसलं काही नाही. तिथे फुलं आहेत, स्वच्छ पाणी आहे, धुणं धुवायला जागा आहे आणि निवांतपणा आहे. म्हणजे कोणत्याही नगरपालिकेने आपल्या नागरिकाला द्यायला हवं तेच. ८०० रुपयांच्या माणसाला स्वच्छ तळं आणि थोडा एकांत मिळण्यासाठी भिंतीत खिडकी उगवावी लागते, यात आरोप दडलेला आहे. वाचकाला तो दिसत नसेल तर त्याने ‘गोडवा’ शोधण्याच्या नादात कादंबरी अर्धीच वाचली.

आता सगळ्यात जड आक्षेप. शुक्ल जन्माने राजनांदगावचे, पुढे रायपूरचे. आयुष्यभर छत्तीसगडमध्ये राहिले. त्याच प्रदेशात २००५ पासून सलवा जुडूम ही माओवाद्यांविरुद्धची सशस्त्र मोहीम झाली, बस्तरमध्ये गावं रिकामी झाली, खाणींसाठी जंगल गेलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून शस्त्रं देणं घटनाबाह्य ठरवलं. त्या रक्तपाताच्या वर्षांत या लेखकाच्या कादंबऱ्यांत बस्तर कुठे आहे? २०११ ची त्यांची कादंबरी ‘हरी घास की छप्पर वाली झोपड़ी और बौना पहाड़’ तर मुलांच्या जगाची आहे.

हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळू नये. पण विचारणाऱ्यांनी शुक्ल यांच्या कविता बाजूला ठेवून तो विचारू नये. त्यांच्या कवितेत आदिवासी पुन्हा पुन्हा येतात, आणि शोभेसाठी येत नाहीत. एका कवितेत घनदाट जंगलात एकटी वावरताना न भिणारी आदिवासी मुलगी गीदमच्या बाजाराला भिते. गीदम दंतेवाडा जिल्ह्यात आहे. ज्याने बस्तरचा बाजार पाहिला आहे, तिथल्या व्यापाऱ्याचा तराजू आणि आदिवासी बाईच्या टोपलीतला मोह पाहिला आहे, त्याला त्या भीतीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शोषणाचा पत्ता त्या कवितेत गावाच्या नावासकट दिलेला आहे. जंगलातून शहरात फेकल्या गेलेल्या माणसांवरही त्यांच्या कविता आहेत. हा माणूस गप्प होता असं म्हणायचं असेल तर आधी या कविता नाकाराव्या लागतील.

कादंबरीत त्यांनी बस्तर का आणलं नाही? याचं उत्तर त्यांच्या लेखनाच्या प्रामाणिकपणात आहे. शुक्ल कृषीचे पदवीधर, जबलपूरला शिकलेले, रायपूरच्या कृषी महाविद्यालयात शिकवणारे. त्यांच्या कादंबऱ्यांत कारकून, शाळामास्तर, प्राध्यापक, भाडेकरू येतात, कारण त्या माणसांची आतली भाषा त्यांना ठाऊक होती. युद्धभूमी झालेल्या गावाची आतली भाषा आपल्याजवळ नाही हे ओळखून तिथून कादंबरी न उचलणं, हा लेखकाचा संयम आहे. दुसऱ्याच्या दुःखाचा प्रदेश घाईघाईने कादंबरीत आणून नाव कमावणाऱ्यांची भारतीय साहित्यात वानवा नाही. त्या यादीत शुक्ल यांचं नाव नाही, ही त्यांच्याविरुद्धची तक्रार होऊ शकत नाही.

इथे मुक्तिबोधांचं नाव घेणं भाग आहे, कारण आक्षेप घेणारेही ते घेतात. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले. तरुण शुक्ल त्यांना भेटले, कविता दाखवल्या, आणि मुक्तिबोधांनी त्या श्रीकांत वर्मांच्या ‘कृति’ मासिकाकडे पाठवल्या. हिंदीतला हा महाकवी मराठी घरातला होता. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले मोठे कवी आणि कादंबरीकार. म्हणून मराठी वाचकाला हा धागा परका नाही. आक्षेप असा: मुक्तिबोधांचा वारसा सांगणाऱ्या शिष्यात त्यांची आग कुठे आहे? ‘अँधेरे में’सारखी कविता लिहिणाऱ्याच्या शेजारी वाढून हा माणूस खिडकीतून तळ्याकडे कसा पाहत बसला?

मुक्तिबोधांची लढाई कुणाशी होती ते आठवावं. तिचा रोख मध्यमवर्गाच्या तडजोडीकडे होता. शिकलेला माणूस सुरक्षिततेसाठी स्वतःला कसा विकत जातो, याकडे. तोच विषय घेऊन शुक्ल कचेरीत शिरले. मुक्तिबोधांच्या कवितेत मध्यमवर्गीय माणूस अंधारात, मिरवणुकीत, स्वप्नात आपल्या अपराधाला सामोरा जातो. शुक्ल यांच्या कादंबरीत त्याच माणसाच्या अंगावर एक सदरा चढतो. साधनं वेगळी, रोग एकच. गुरूच्या आवाजाची नक्कल केली असती तर शुक्ल दुय्यम मुक्तिबोध झाले असते. त्यांनी प्रश्न घेतला आणि आवाज स्वतःचा ठेवला. शिष्याने याहून वेगळं काय करायचं असतं?

एक आक्षेप मात्र पूर्णपणे परतवता येत नाही. शुक्ल यांच्या कादंबऱ्यांत जात जवळपास बोलत नाही. छत्तीसगडच्या छोट्या गावात कोण कुणाच्या घरी पाणी पितं, कुणाला कुठली खोली भाड्याने मिळते, यात जात नसते असं कुणीच म्हणणार नाही. ज्या भाषेत बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ मध्येच आलं, त्या भाषेच्या वाचकाला संतूबाबूच्या कचेरीतली ही पोकळी जाणवणारच. तीच गोष्ट सोनसीची. तिचं हसणं, तिचं काम, तिची लय शुक्ल प्रेमाने लिहितात, पण तिला रघुवरपासून वेगळं काय हवं आहे, हे कादंबरी फारसं विचारत नाही. ही मर्यादा मान्य केल्याने शुक्ल लहान होत नाहीत. बागुलांनी जे केलं ते शुक्ल यांनी केलं नाही, हे खरं. आणि शुक्ल यांनी कचेरीतल्या गुलामीची जी चिरफाड केली ती करण्यासाठी दुसरं कुणी पुढे आलं नाही, हेही खरं. एकाचं मोठेपण मोजायला दुसऱ्याची काठी वापरू नये.

भाषेबद्दलचा आक्षेप वाचण्याच्या सवयीशी निगडित आहे. शुक्ल यांची वाक्यं छोटी असतात, एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो, एक विधान करून पुढच्या वाक्यात ते उलटं फिरवलं जातं, तिसऱ्यात दोन्ही जागच्या जागी ठेवली जातात. घाईत वाचणाऱ्याला हा खेळ वाटतो. पण गरिबाचं मन असंच चालतं. ज्याच्याकडे चूक करायला जागा नाही तो प्रत्येक गोष्ट तीनदा तपासून पाहतो: साहेब हसले, रागाने हसले की सहज हसले, आपण हसायचं की नाही? संतूबाबूचं वाक्य स्वतःला वारंवार दुरुस्त करतं, कारण संतूबाबूला चुकीच्या वाक्याची किंमत मोजावी लागते. श्याम मनोहरांच्या वाचकांना ही रीत अनोळखी नाही. अत्यंत साध्या विधानांची रांग लावून माणसाच्या डोक्यातला गोंधळ उघडा करण्याचं काम त्यांनी मराठीत केलं, आणि त्यांनाही ‘विक्षिप्त’, ‘कोरडे’ ही विशेषणं चुकली नाहीत. ‘उत्सुकतेने मी झोपलो’ला २००८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तरी या प्रकारच्या गद्याला मराठी समीक्षेने मोकळ्या मनाने जागा दिली असं म्हणता येत नाही. जे गद्य अलंकारांनी दबवत नाही त्याला कृत्रिम म्हणणं सोपं असतं, कारण त्याच्यातली मेहनत वरवर दिसत नाही.

आणि राहिला तो खपाचा मुद्दा. २०२२ मध्ये याच लेखकाने आपल्या पुस्तकांतून हाती किती तुटपुंजी रक्कम येते ते जाहीर सांगितलं तेव्हा हिंदी जगाने हळहळ व्यक्त केली होती. तेव्हा पुस्तकं खपत नव्हती म्हणून वाईट वाटलं. तीन वर्षांनी ती खपली तर त्यात काळंबेरं दिसू लागलं. ज्या तरुण मुलांनी ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ विकत घेतली त्यांना ती समजली नाही, असं गृहीत धरण्याचा अधिकार कुणी कुणाला दिला? भाड्याच्या एका खोलीत दोघा-तिघांनी राहणारी, तात्पुरत्या करारावर काम करणारी, वरिष्ठांच्या संदेशाला रात्री अकरालाही होकार देणारी पिढी आहे ती. रघुवरची खोली आणि संतूबाबूचा सदरा त्यांना पुस्तकातून कळावा लागत नाही. कुणी एखादं वाक्य छायाचित्रावर लावलं म्हणून त्याने उरलेली पानं वाचली नाहीत असं सिद्ध होत नाही. समीक्षेने अठ्ठावीस वर्षांत ज्या वाचकापर्यंत हे पुस्तक नेलं नाही, तिथे ते एका वर्षात पोहोचलं, यावर खरं तर समीक्षेने विचार करायला हवा.

शुक्ल यांची कीर्ती केवळ या लाटेची देणगी आहे, हे म्हणणंही तारखांपुढे टिकत नाही. १९७१ मध्ये अशोक वाजपेयींच्या ‘पहचान’ मालिकेत त्यांची पहिली काव्यपुस्तिका ‘लगभग जयहिंद’ आली. १९९९ मध्ये साहित्य अकादमी आणि मणि कौल यांचा चित्रपट. त्यांच्या कादंबऱ्या सत्ती खन्ना यांनी इंग्रजीत नेल्या. कथा अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि सारा राय यांनी नेल्या, आणि ते भाषांतर २०१९ मध्ये आलं. २०२३ मध्ये अमेरिकेतला पेन-नाबोकोव्ह पुरस्कार. हे सगळं त्या धनादेशाच्या आधीचं आहे.

तरीही या सगळ्या वादात, बाजूने आणि विरोधाने, एका पुस्तकाची कुणी फारशी आठवण काढत नाही: ‘खिलेगा तो देखेंगे’. १९९४ ते १९९६ या काळात शुक्ल निराला सृजनपीठात अतिथी लेखक होते. तिथे लिहून झालेल्या दोन कादंबऱ्यांपैकी ही पहिली, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली. दुसरी ‘दीवार...’. एका खेड्यातल्या शाळेचं छप्पर वादळात उडून जातं. शाळेतच राहणारे गुरुजी बायकोमुलांसह रिकाम्या पडलेल्या पोलीस ठाण्यात राहायला जातात. जिथे कोठडी आहे, गजांचं दार आहे, जिथल्या भिंतींना मार खाल्लेल्या माणसांची आठवण आहे, तिथे मास्तरांचा संसार मांडला जातो आणि मुलं वाढतात. गावात भूक आहे, दुकानदार आहे, आणि सरकार म्हणून उरली आहे ती फक्त एक ओस पडलेली इमारत. या देशातल्या खेड्याला शासनाने काय दिलं आणि काय दिलं नाही, हे शाळा आणि ठाणं या दोन वास्तूंच्या अदलाबदलीतून इतक्या थेटपणे क्वचितच लिहिलं गेलं असेल. शाळेला छप्पर नाही; ठाण्याला आहे.

गंमत अशी की ही कादंबरी लोकप्रिय नाही, तिच्या वाक्यांची चित्रं फिरत नाहीत, तिच्यात खिडकीपलीकडचं तळं नाही. म्हणजे शुक्ल यांच्यावरच्या आक्षेपांची खरी परीक्षा तिच्यावरच व्हायला हवी. गरिबी गोड केली असेल तर ती या पुस्तकात कुठे केली आहे ते दाखवावं. राजकारण टाळलं असेल तर कोठडीत संसार थाटणाऱ्या शाळामास्तराच्या गोष्टीत ते कसं टाळता आलं, हे समजावून सांगावं. त्यांच्या विरोधातला वाद आजवर खिडकी, हत्ती आणि धनादेश यांभोवतीच फिरत राहिला आहे. मराठीत शुक्ल यांच्यावर लिहिणाऱ्यांनी तरी ती वाट धरू नये. आधी हे पुस्तक उघडावं, मग ‘काही घडत नाही’ हा निकाल पुन्हा लिहून दाखवावा.